घाईच्या घरात टिकणाऱ्या पर्यावरणपूरक सवयी कोणत्या? सातारा-सांगलीचा अनुभव काय सांगतो?

केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त तेव्हा एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांचा वेगळा गट असायचा. २०२० साली या गटात देशात पहिलं आलं कराड. २०२१ साली विटा पहिलं आलं आणि २०२२ साली पाचगणी. कराड आणि पाचगणी सातारा जिल्ह्यात आहेत, विटा शेजारच्या सांगलीत. म्हणजे सलग तीन वर्षं देशातला पहिला क्रमांक या दोन जिल्ह्यांतच फिरत राहिला.

ही काही महानगरं नव्हेत. २०११ च्या जनगणनेनुसार पाचगणीची लोकसंख्या १५ हजारांच्या आत, विट्याची ५० हजारांच्या आत आणि कराडची त्याहून थोडी जास्त. बक्षीस नगरपालिकेला मिळतं, पण ज्या कामावर ते अवलंबून असतं त्यातलं पहिलं काम नगरपालिका करूच शकत नाही. भाजीची देठं एका डब्यात आणि बिस्किटाचा कागद दुसऱ्या डब्यात, हे स्वयंपाकघरातच ठरतं. तेही सकाळी सात ते नऊच्या गडबडीत, जेव्हा डबे भरायचे असतात, मुलांची शाळेची गाडी यायची असते आणि नळाचं पाणी जायची वेळ झालेली असते.

क्रमांक म्हणजे सगळं काही नव्हे. पाहणीचं पथक यायच्या सुमारास भिंती रंगतात, चौक चकाचक होतात, हे कुठल्याही शहरातल्या माणसाला माहीत असतं. तरीही या तीन शहरांमुळे एक प्रश्न नीट विचारता येतो. नवरा-बायको दोघंही कामाला जातात अशा घरात पर्यावरणाला जपणाऱ्या कोणत्या सवयी टिकतात आणि कोणत्या आठ दिवसांत गळून पडतात?

वरच्या गावाची मोरी, खालच्या गावाचा नळ

सवयींकडे वळण्याआधी नकाशा पाहिलेला बरा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाईवरून खाली येते. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना. पुढे ती सांगली जिल्ह्यात शिरते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला घेऊन नरसोबावाडीकडे जाते. सांगली-मिरज पिण्याचं पाणी याच नदीतून उचलतात.

याचा अर्थ साधा आहे. वाई, सातारा, कराडच्या मोऱ्यांमधून जे वाहतं त्याचा काही भाग सांगलीच्या दिशेनेच जातो. सांगलीचं पाणी आणखी खाली जातं. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, हा तर सांगलीत वर्षानुवर्षं गाजणारा प्रश्न आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणं ही पालिकेची जबाबदारी आहे, घराची नव्हे. पण साबण, तेल, औषधं, फिनेल यांचं प्रमाण घर ठरवतं आणि प्रक्रिया केंद्रातूनही यातलं सगळं निघून जात नाही.

पुराचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर या भागातलं कोणी विसरलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हे पूर घरातल्या प्लास्टिकमुळे येतात असं म्हणणं चुकीचं ठरेल. ते पावसामुळे, धरणांतल्या विसर्गामुळे आणि नदीकाठच्या बांधकामांमुळे येतात. मात्र शहरात शिरलेलं पाणी बाहेर पडायला नाले मोकळे असावे लागतात आणि नाल्यात अडकलेलं बरंचसं सामान आपल्याच घरातून गेलेलं असतं.

दोन डबे, एक पोतं आणि एक छोटी पिशवी

कचरा वेगळा करणं ही सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी आणि सगळ्यांत लवकर मोडणारी सवय आहे. ती मोडते त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतं, डब्याची जागा असते. ओला कचऱ्याचा डबा ओट्याखाली आणि सुक्याचा मागच्या गॅलरीत असेल, तर घाईत सगळं ओट्याखालीच जाणार. दोन्ही डबे एका हाताच्या अंतरावर हवेत. एवढ्या एका बदलाने निम्मं काम होतं.

लहान शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरला जातो. म्हणजे चौघांच्या घरात दिवसाला साधारण किलोभर. त्यातला निम्म्याच्या आसपास ओला. हा ओला कचरा रोज घराबाहेर जायलाच हवा, कारण तो कुजतो. सुका कुजत नाही, त्यामुळे तो रोज गाडीत टाकण्याची गरज नसते. घाईच्या घरासाठी ही मोठी सोय आहे. रोजचं काम फक्त ओल्या डब्याचं. सुका कचरा गॅलरीतल्या किंवा जिन्याखालच्या एका पोत्यात साठवायचा आणि रविवारी त्याची विल्हेवाट लावायची.

ओल्या डब्याला प्लास्टिकची पिशवी लावू नये. जुन्या वर्तमानपत्राचं एक पान तळाशी घातलं की डबा कमी चिकटतो आणि कागद कचऱ्याबरोबर कुजूनही जातो. काळ्या पिशवीत गाठ मारून दिलेला ओला कचरा हा सफाई कामगारांच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट, कारण ती पिशवी कोणाला तरी हाताने फाडावी लागते.

सुक्या कचऱ्यातली दुधाची पिशवी वेगळी सांगण्यासारखी आहे. पश्चिम महाराष्ट्र हा दुधाचा पट्टा. रोज एक-दोन पिशव्या नाहीत असं घर शोधावं लागेल. पिशवीचा कोपरा पूर्ण कापला की तो नखाएवढा तुकडा हरवतो, मोरीत जातो आणि कुठल्याही भंगारवाल्याच्या हाती लागत नाही. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवायचा. रिकामी पिशवी भांड्यांच्या पाण्यात एकदा खळबळून खिडकीच्या गजाला अडकवायची. वाळली की पोत्यात. न धुतलेली पिशवी दोन दिवसांत वास मारते आणि मग घरातलंच कोणीतरी वैतागून सुक्याचं पोतं ओल्यात रिकामं करतं. सवय मोडते ती अशा जागी.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरांसाठी तीन वाटण्या ठरवल्या : ओला, सुका आणि घरगुती घातक. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून सुक्यासोबत द्यावेत असं त्यात होतं. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या नियमांत वाटण्या चार झाल्या आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यायचा कचरा. शेवटच्या वाटणीत रंगाचे डबे, बल्ब, मुदत संपलेली औषधं, थर्मामीटर असलं सामान येतं.

प्रत्यक्षात घरात चार डबे मांडावे लागत नाहीत. सॅनिटरी कचऱ्यासाठी न्हाणीघरात एक झाकणाचा छोटा डबा पुरतो. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळतं. बल्ब आणि औषधांसाठी कपाटावर एक पिशवी ठेवली की ती भरायला सहा महिने लागतात. फुटलेली काच आणि दाढीची पाती जाड पुठ्ठ्यात बांधून वेगळी द्यायची. याला एक मिनिट लागतं आणि त्यामुळे कोणाचा तरी हात वाचतो.

घंटागाडी चुकते तेव्हा

गाडी सकाळी आठला येते आणि घर पावणेआठला रिकामं होतं, ही नेहमीची तक्रार. काही सोसायट्यांमध्ये एकाने सगळ्यांचे डबे खाली ठेवायचे अशा पाळ्या लावतात. स्वतंत्र घरात राहणाऱ्यांसाठी शेजाऱ्याशी केलेली बोली हा जुना उपाय आहे. पण ओल्या कचऱ्याचा प्रश्न मुळातून सोडवायचा असेल तर तो घरातच जिरवणं बरं. त्यासाठी मोठं आवार लागत नाही. दोन मातीच्या कुंड्या किंवा भोकं पाडलेल्या दोन बादल्या पुरतात.

खत होण्यामागचं शास्त्र थोडक्यात असं. जिवाणू ओला कचरा खातात तेव्हा त्यांना हवा लागते, थोडा ओलावा लागतो आणि नायट्रोजनच्या जोडीला कार्बन लागतो. भाजीपाल्यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर असतं. कार्बन येतो कोरड्या वस्तूंतून. दोन्हींचा मेळ बसला की कचरा तापतो, खाली बसतो आणि वास येत नाही. नुसता ओला कचरा साठवला तर हवा संपते आणि सडण्याची दुसरीच प्रक्रिया सुरू होते. डेपोवरच्या ढिगाऱ्यात हेच घडतं. तिथे मिथेन वायू तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. ढिगाऱ्यातून काळं पाणी झिरपतं आणि उन्हाळ्यात आगी लागतात.

शहरांतले लोक कोरड्या वस्तूसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा विकत आणतात. सातारा-सांगलीत त्याची गरज पडू नये. उसाचं पाचट, गुऱ्हाळावरची चिपाडं, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, कडबा-कुट्टी, झाडाखालचा पालापाचोळा, यातलं काही ना काही पाच-दहा किलोमीटरवर फुकट किंवा फुकटाच्या भावात मिळतं. गावाकडे चक्कर झाली की एक पोतं आणून ठेवायचं. ते दोन-तीन महिने पुरतं.

रोजचं काम एवढंच : डबा कुंडीत ओतायचा, वर तेवढीच कोरडी वस्तू पसरायची, झाकण ठेवायचं. सुरुवातीला आंबट ताक किंवा शेणाचं पाणी शिंपडलं की जिवाणूंचं विरजण लागतं. आठवड्यातून एकदा काठीने हलवायचं. पहिली कुंडी भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांत, पहिलीत मातीच्या वासाचं काळं खत तयार झालेलं असतं.

अडचणी येतातच. वास आला तर ओल जास्त झाली आहे, कोरडं घालायचं. मुंग्या झाल्या तर फार सुकलं आहे, पाणी शिंपडायचं. पांढऱ्या अळ्या दिसल्या की बहुतेक घरांत हा प्रयोग त्या दिवशीच संपतो. खरं तर अळ्या कचरा भराभर संपवतात आणि त्या अपायकारक नसतात, पण ज्यांना त्या बघवत नाहीत त्यांनी कोरड्याचा थर जाड ठेवावा. हाडं, तळणीचं तेल आणि उरलेलं दूध कुंडीत घालू नये. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडच्या पावसात कुंडी छपराखाली हवी. जत, आटपाडी, माणच्या उन्हाळ्यात उलट तिला सावली आणि रोज ओंजळभर पाणी हवं.

ज्यांच्या घरी किंवा शेजारी जनावर आहे त्यांना हा खटाटोप नको. भाजीची देठं आणि शिळी भाकरी जनावराला घालायची रीत अजून आहे. ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवू नये इतकंच; जनावर पिशवीसकट खातं आणि ते प्लास्टिक त्याच्या पोटात साठत राहतं.

मोरीतून काय खाली जातं?

घरातल्या रसायनांबद्दलचा सगळ्यांत सोपा सल्ला म्हणजे ती कमी वापरणं, दुसरी आणणं नव्हे. कपड्यांची पावडर बहुतेक घरांत अंदाजाने टाकली जाते. पाकिटावर दिलेलं माप एकदा चमच्याने मोजून पाहिलं तर आपण किती जास्त टाकतो ते कळतं. जास्त पावडरीने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, खळबळायला पाणी मात्र जास्त लागतं.

तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नये. नळीत ते साबणाशी मिळून थिजतं आणि तुंबलेली मोरी उघडायला पुन्हा ॲसिड ओतावं लागतं. तेलकट कढई आधी कागदाने पुसून मग घासली तर साबणही अर्धाच लागतो. मुदत संपलेल्या गोळ्या आणि सिरप मोरीत टाकणंही टाळावं. ते विशेष कचऱ्याच्या पिशवीत जातात.

लिंबू-संत्र्याच्या सालींपासून ‘बायोएन्झाइम’ बनवण्याची सध्या चलती आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी घालून तीन महिने ठेवायचं. कराड-सांगलीकडे गुळाला तोटा नाही, त्यामुळे ते स्वस्तात होतं. त्याने फरशी पुसता येते, सिंक घासता येतं, आंबट असल्यामुळे पाण्याचे हलके डागही जातात. पण ते जंतुनाशक आहे असं समजू नये. घरात आजारी माणूस असेल तर संडास-न्हाणीला योग्य जंतुनाशकच वापरावं. आणखी एक खबरदारी : मिश्रणातून सुरुवातीला वायू सुटतो, म्हणून ते काचेच्या नव्हे तर प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचं आणि पहिला महिना रोज झाकण सैल करायचं. घाईच्या घराला हे जमेलच असं नाही, आणि नाही जमलं तर काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. ब्लीच आणि ॲसिड, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. ‘नैसर्गिक’ म्हणून व्हिनेगर वापरायला लागलेल्या घरांत जुनं ब्लीचही शेजारीच असतं, म्हणून हे सांगणं गरजेचं.

एकदाच करायच्या गोष्टी

पाणी आणि विजेच्या बाबतीत रोजच्या सवयींपेक्षा एकदाच घेतलेले निर्णय जास्त कामाचे ठरतात. लक्षात ठेवायला काही उरत नाही.

सातारा शहराला कासच्या तलावाचं पाणी मिळतं. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत चित्र वेगळं आहे. टेंभू योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, माणकडे चढवलं जातं आणि त्यासाठी मोठी वीज लागते. अशा भागात पाण्याचा प्रत्येक हंडा म्हणजे वीजही असते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी बादलीभर पाणी घालवतो. वायसर बदलायला प्लंबरचीही गरज नसते.

पाण्याच्या ‘आरओ’ यंत्राबद्दल थोडा विचार करावा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते दोन-तीन लिटर पाणी टाकून देतं. भारतीय मानकानुसार पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर ते पाणी पिण्यास चांगलं मानलं जातं. नदीचं किंवा तलावाचं पाणी येणाऱ्या घरात ‘आरओ’ची गरज अनेकदा नसतेच, साधा गाळप-यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरचं जड पाणी असेल तर यंत्र हवं, आणि टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडायची. ते फरशी पुसायला आणि संडासात चालतं, पण क्षार जास्त असल्याने कुंड्यांना रोज घालू नये.

विजेत पहिला मान पंख्याचा. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी साधारण ३०. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १५ युनिटच्या आसपास वाचतात. छत स्वतःचं असेल तर सौर पॅनेलचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. तिथलं सगळं गाव छोटं, निर्णय ग्रामपंचायतीने एकत्र घेतलेला. एकट्या घराला तेवढं सोपं जात नाही हेही खरं.

पिशव्यांबद्दल फार सांगायला नको. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी २०१८ ची, देशभरातली एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ ची. मंडईत अजूनही पातळ पिशव्या दिसतात. कापडी पिशवी सगळ्यांच्या घरात असते, फक्त ती घरातच असते. गाडीच्या डिकीत एक, ऑफिसच्या पिशवीत एक घडी घालून ठेवली तर ती आठवण्याची गरज उरत नाही.

हे काम नक्की कोण करणार?

या विषयावरच्या लेखांत एक गोष्ट सहसा येत नाही. राखेने भांडी घासणं, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणं, चुलीवरच्या निखाऱ्यांवर पाणी तापवणं, या जुन्या काटकसरीचं कौतुक होतं, पण ती सगळी बायकांच्या वेळेवर उभी होती. आजही चित्र फारसं बदललेलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसल्या, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. अशा घरात ‘पर्यावरणपूरक’ म्हणून आणखी चार कामं आली तर ती कोणाच्या डोक्यावर बसतील हे सांगायला नको. आणि एकाच माणसावर बसलेली सवय त्या माणसाला ताप आला की थांबते.

म्हणून कामं माणसांना वाटून द्यावीत, सूचनांना नव्हे. ओला डबा कुंडीत ओतणं शाळकरी मुलाचं. रविवारचं पोतं आणि भंगारवाला बापाचा. औषधांची पिशवी आजोबांची, कारण गोळ्यांच्या तारखा तेच वाचतात. डायपर असतील तर ते गुंडाळण्याचं काम ज्याने बदलला त्याचं.

सवयीला वेळेची खूणही लागते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. विषय वेगळा आहे, पण युक्ती तीच आहे : घराघरात वाद घालण्यापेक्षा सगळ्या गावाला एकच आवाज. घंटागाडीचं गाणं हाही तसाच आवाज आहे. सांगली जिल्ह्याला असल्या सामूहिक प्रयोगांची ओळख जुनी आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावागावांत स्पर्धेच्या ईर्ष्येने झाडू हातात घेतले गेले. स्पर्धा संपल्यावर किती गावांनी ते टिकवलं हा वेगळा लेख होईल.

‘पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात’

कचरा वेगळा करण्याच्या विरोधातला हा सगळ्यांत मोठा मुद्दा आहे, आणि तो नेहमीच खोटा नसतो. काही प्रभागांत वेगळा दिलेला कचरा गाडीत किंवा डेपोवर पुन्हा एक होतो. हे पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दोन डब्यांचं महत्त्व कोणी पटवून देऊ शकत नाही.

अशा वेळी आधी गाडीत डोकावून पाहावं. बहुतेक घंटागाड्यांत मधे फळी घालून दोन कप्पे केलेले असतात. कप्पे असूनही एकत्र टाकलं जात असेल तर ती प्रभागातल्या मुकादमाला सांगण्याची गोष्ट आहे. कप्पेच नसतील तर नगरसेवक आणि आरोग्य विभाग. ‘स्वच्छता’ या सरकारी ॲपवर फोटोसह तक्रार नोंदवता येते, आणि एकट्याने केलेल्या तक्रारीपेक्षा गल्लीतल्या दहा जणांच्या तक्रारीकडे लवकर लक्ष जातं. गाडीवरच्या कामगाराशी भांडण्यात अर्थ नसतो. मिसळलेला कचरा त्यालाच उपसावा लागतो आणि फळी बसवणं त्याच्या हातात नसतं.

पाचगणीत एके काळी कचऱ्याचा डेपो होता त्या जागेचं आता पर्यटक पाहायला जातात असं ठिकाण झालं आहे. ‘स्वच्छ भारत पॉइंट’ हे त्याचं नाव. घरातून कचरा वेगळा येऊ लागल्याशिवाय ते झालं नसतं, आणि वेगळा आलेला वेगळाच ठेवणारी यंत्रणा नसती तरीही झालं नसतं.

यंत्रणा तशी होईपर्यंतही घराला बरंच काही हातात ठेवता येतं. रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या आणि डबे भंगारवाला घेऊन जातो, तेही पैसे देऊन. ओला कचरा कुंडीत किंवा शेजारच्या गोठ्यात जातो. मग गाडीत द्यायला उरतात ते कुरकुऱ्याच्या पुड्यांसारखे चकचकीत कागद, सॅनिटरी कचरा आणि झाडलोटीची धूळ. चौघांच्या घरात हे सगळं मिळून आठवड्याला एखादी पिशवी भरते, आणि ती द्यायला रविवारची गाडी पुरते.